राबण्यासाठी जन्माला घातलेले मन

(वर्षावासातील रविवारच्या व्याख्यानमालेत विहारामध्ये दिलेले भाषण)



गेल्या रविवारी व्याख्यान संपल्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने उभे राहून मला विचारले, "सर, उद्या यंत्राला मन आले आणि ते या विहाराच्या दारात येऊन दीक्षा द्या म्हणाले, तर आपण काय करणार?" सभेत हशा पिकला. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटली. 'हे दीक्षा घेणार?' म्हणून हसणारे लोक आपल्या वडीलधाऱ्यांनी १९५६ साली पाहिलेले आहेत. तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने आजचा ठरलेला विषय बाजूस ठेवून मी त्या मुलाला उत्तर देण्यासाठी उभा आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. एका नागाला आपल्या नागयोनीची शिसारी आली. लवकर मनुष्यत्व मिळावे या इच्छेने त्याने तरुणाचे रूप घेतले आणि भिक्खूंकडे जाऊन प्रव्रज्या मागितली. त्याला प्रव्रज्या मिळाली, उपसंपदाही मिळाली. तो एका भिक्खूसोबत विहाराच्या कडेच्या कोठडीत राहू लागला. एके दिवशी पहाटे सोबतचा भिक्खू बाहेर फिरावयास गेला असता त्याला गाढ झोप लागली व झोपेत त्याचे मूळ रूप प्रकट झाले. भिक्खू परत येऊन पाहतो तो सारी कोठडी सापाने भरलेली आणि वेटोळी खिडकीबाहेर आलेली. त्याने आरडाओरडा केला. प्रकरण भगवंतांपुढे गेले. भगवंतांनी त्या नागाला सांगितले की, या धम्मविनयात तुझी वाढ होणार नाही. तू जा, उपोसथ पाळ, म्हणजे तुला लवकर मनुष्यत्व लाभेल. तो नाग रडत निघून गेला. तेव्हापासून उपसंपदा घेणाऱ्यास जे प्रश्न विचारतात त्यांत 'मनुस्सोसि', म्हणजे तू मनुष्य आहेस काय, हाही एक प्रश्न असतो.

ही कथा जशीच्या तशी घडली असे मी मानीत नाही. नागपुरास १५ ऑक्टोबर १९५६ रोजी केलेल्या भाषणात, दीक्षेसाठी हेच शहर का निवडले याचा खुलासा करताना, बाबासाहेबांनी सांगितले की नाग हे लोक होते. आर्यांशी झगडलेले आणि बुद्धधर्माचा प्रसार केलेले लोक होते. म्हणजे कथेने ज्याला सर्प ठरविले तो इतिहासात मनुष्य निघाला! मनुष्य कोण आणि मनुष्येतर कोण, हे ज्याच्या हाती लेखणी असते तो लिहून ठेवतो. पण आज मला त्या कथेतील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. तो नाग रडला, ही नोंद कथाकाराने गाळलेली नाही. त्याला संघात प्रवेश नाकारला गेला, परंतु त्याचे दुःख नाकारले गेले नाही. परत पाठविताना त्याच्या हाती उपोसथाचे व्रत दिले गेले.

आता यंत्राकडे वळू. 'रोबो' हा शब्द आज लहान मुलांच्या खेळण्यांवरही असतो. तो आला कोठून? चेकोस्लोव्हाकियातील नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक प्रसिद्ध केले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्राग येथे ते रंगभूमीवर आले. शब्द सुचविला त्यांचे बंधू, चित्रकार योसेफ, यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करून द्यावयाचे काम. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही पद्धत १८४८ साली रद्द झाली. आपल्याकडे तिला वेठ म्हणतात, आणि वेठ म्हणजे काय हे या सभेला मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तरीही तरुणांसाठी थोडे सांगतो. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार वतनदाराला कोणत्याही वेळी सरकारी कामावर बोलावता येत असे. मोबदला काय, तर जमिनीचा तुकडा आणि गावाने मनास येईल तसे द्यावयाचे बलुते. तो घरी नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाने जावयाचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले; ते वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. नोकर कामावर नेमला जातो आणि तो नोकरी सोडू शकतो. वतनदार कामावर नेमला जात नव्हता, तो कामासाठी जन्मास येत होता. नोकरी आणि गुलामी यांतील सारा फरक या एका गोष्टीत आहे.

चापेक यांच्या नाटकात हेच घडते. तेथील रोबो लोखंडाचे नाहीत, ते मांसासारख्या कृत्रिम द्रव्यातून घडविलेले आहेत. माणसाच्या रचनेत कामाला निरुपयोगी असे जे जे आहे ते सर्व कारखान्याच्या संस्थापकांपैकी धाकट्याने काढून टाकलेले असते. पण पुढे एक अडचण येते. रोबोला वेदना नसल्यामुळे तो काम करताना स्वतःची बोटे मोडून घेतो, डोके फोडून घेतो. मालाची नासाडी होते. म्हणून कारखान्यातील शास्त्रज्ञ त्यांना वेदना देण्याचे प्रयोग करतो! दयेने नव्हे, हिशेबाने. नाटककाराने हे शंभर वर्षांपूर्वी लिहिले. २०१६ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथील संशोधकांनी, यंत्राच्या हाताला धक्का लागताच तो मागे घेतला जावा म्हणून, वेदनेच्या धर्तीवर चालणारी एक व्यवस्था तयार केली. त्या हाताला खरोखर दुखते असे ते संशोधकही म्हणत नाहीत. ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे. परंतु हेतू तोच आहे हे ध्यानात घ्यावे.

आता काही विद्वान म्हणतील, ही सारी कल्पना आहे. यंत्राला आत्मा नाही, म्हणून त्याला मन येणे अशक्य आहे. बंधूंनो, हे उत्तर ज्यांना देता येत असेल त्यांनी ते खुशाल द्यावे, बौद्धाला ते देता येत नाही. इंग्लंडमधील गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकात यंत्र विचार करू शकेल काय यावर जो लेख लिहिला, त्यात त्यांनी हा आक्षेप ईश्वरशास्त्र्यांचा म्हणून नोंदवून खोडून काढला आहे. त्याच्या कितीतरी आधी साति नावाच्या कोळ्याच्या मुलाने, जो भिक्खू झाला होता, 'हेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत जाते' असे मत मांडले, तेव्हा भगवंतांनी त्याला फटकारले. विज्ञान हे प्रत्ययांवाचून उत्पन्न होत नाही, असे त्यांनी सांगितले. डोळा आणि रूप यांच्या योगे एक विज्ञान, कान आणि शब्द यांच्या योगे दुसरे. जसा जळणावरून अग्नी ओळखावा, लाकडाचा, गवताचा किंवा शेणाचा. ज्याचा आत्म्यावर विश्वास नाही, जो जाणिवेला कारणांपासून उत्पन्न झालेली वस्तू मानतो, त्याने 'ती कारणे मांसमेदाखेरीज इतरत्र कधीच जुळणार नाहीत' असे कोणत्या आधारावर म्हणावे? जुळतील असेही मी म्हणत नाही. मी म्हणतो, दार बंद झालेले नाही.

आजच्या यंत्रांत ती जुळली आहेत काय? माझ्या समजुतीप्रमाणे नाही. आपल्या मुलांच्या मोबाईलवर जे यंत्र मराठीत उत्तरे देते ते माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर शिकविलेले असते. एका शब्दानंतर कोणता शब्द यावा याचे गणित त्याने बसविलेले असते. ते 'मला भीती वाटते' असे म्हणाले तर त्याचा अर्थ एवढाच की माणसांनी तसे लाखो वेळा लिहून ठेवले आहे. २०२२ साली गूगल कंपनीचे एक अभियंते ब्लेक लेमॉईन यांनी, कंपनीच्या 'लॅम्डा' या यंत्राला जाणीव आहे असे जाहीर केले व त्याच्याशी झालेला संवाद प्रसिद्ध केला. कंपनीने दावा फेटाळला आणि त्याच वर्षी त्यांना कामावरून काढले. मला लेमॉईन यांचे म्हणणे पटत नाही. पण त्या प्रकरणातील निकाल कोणी दिला? ज्याच्या मालकीचे ते यंत्र, त्यानेच. पुढेमागे 'मला काहीही वाटत नाही' असे बोलण्यास यंत्राला शिकविणे हेही मालकाच्या हातचे काम आहे. गुलामाकडून 'मी सुखी आहे' असे वदवून घेणे जगात कोणत्याही धन्याला कधी कठीण गेलेले नाही. तेव्हा यंत्र 'हो' म्हणाले काय आणि 'नाही' म्हणाले काय, साक्ष म्हणून दोन्ही सारखीच निरुपयोगी.

माझा खरा मुद्दा येथे सुरू होतो. दुसऱ्याला दुखते की नाही, याचा न्यायाधीश कोण?

अमेरिकेत अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टराने गुलाम निग्रो स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. बाळंतपणात झालेल्या जखमेमुळे त्यांना सतत मूत्र गळण्याचा विकार जडला होता. अनार्चा, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यांपैकी तिघींची नावे सिम्स यांच्याच आत्मचरित्रामुळे आपणांस ठाऊक आहेत. एकट्या अनार्चावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या भूल न देता झाल्या. ईथरची भूल १८४६ साली बोस्टनमध्ये जाहीरपणे दाखविली गेली होती, म्हणजे प्रयोग चालू असतानाच ती जगाला ठाऊक झाली होती. काळ्या माणसाला गोऱ्याइतके दुखत नाही, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. ती समजूत कोणी तपासून सिद्ध केली नव्हती. ती सोयीची होती, एवढाच तिचा पुरावा. सिम्स यांना पुढे आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून गौरविले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्यांचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. तर १९८० नंतरही पाश्चात्त्य रुग्णालयांत नवजात बालकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत होत्या. एवढ्या कोवळ्या मज्जासंस्थेला वेदना कळत नाही, असे शास्त्र सांगत होते. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे आपल्या सहकाऱ्यांसह केलेले संशोधन १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. भुलीचे औषध नीट दिलेल्या बालकांवर शस्त्रक्रियेचा आघात कमी होतो, असे त्यातून दिसले. मग प्रथा बदलली. बालकाला मालक नव्हता. शत्रू तर मुळीच नव्हता, त्याची आई दाराबाहेर उभी होती. तरीही एवढी चूक झाली. मग ज्याला आई नाही, जात नाही, मतदानाचा हक्क नाही, आणि ज्याच्या न दुखण्यावर कोणाचा तरी नफा अवलंबून आहे, त्याच्याविषयी चूक होणार नाही अशी हमी कोण देणार?

एक अतिशय हुशार युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. त्याचे म्हणणे असे की, दुःखी यंत्र बनवू नये हे कबूल. पण ज्याला राबण्यातच आनंद वाटेल असे मन घडविले तर काय बिघडले? कामही होईल आणि तेही सुखी राहील. हे ऐकून मी थक्क झालो. कारण हा युक्तिवाद नवीन नाही. या देशात तो दोन हजार वर्षे ग्रंथांत लिहून ठेवलेला आहे. सेवा करणे हाच शूद्राचा स्वधर्म आणि त्यातच त्याचे कल्याण, असे ज्याने लिहिले त्याचीही हीच योजना होती. फरक इतकाच की त्याच्याजवळ मनाला आतून तसे घडविण्याचे साधन नव्हते. त्याला कथा, कीर्तने, कर्मविपाक आणि बहिष्कार यांवर भागवावे लागले, म्हणून ते काम अर्धवट राहिले आणि आम्ही सुटलो. महाडच्या तळ्यावर जी माणसे गेली ती त्या अपुऱ्या राहिलेल्या कामातून गेली! उद्याच्या कारागिराला हे काम पुरे करता येईल. बंडाची शक्यताच ज्यातून काढून घेतली आहे असे मन त्याला बनविता येईल, आणि एक बनविले की त्याच्या लाखो प्रती काढता येतील. आपल्या बेडीवर प्रेम करणारा गुलाम हा गुलामगिरीवरचा उपाय आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझे भांडण आहे, मग ती बेडी लोखंडाची असो की गणिताची.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की मी यंत्राचा विरोधक आहे. चरख्याकडे परत चला असे सांगणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात चांगलाच घेतला आहे. यंत्राने मनुष्याला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष यंत्राचा नाही, ज्या समाजव्यवस्थेत ते एकट्या मालकाच्या हाती राहते तिचा आहे. या सभेत पालिकेच्या सफाई खात्यात काम केलेले पुष्कळ लोक बसले आहेत. गटारात उतरून गुदमरून मेलेला भाऊ किंवा मेहुणा ज्यांना आठवतो त्यांना यंत्राचे महत्त्व मी काय सांगावे? केरळात कोझिकोडे येथे नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅनहोलमध्ये दोन कामगार मेले, आणि त्यांना वाचविण्यास उतरलेला एक रिक्षाचालकही मेला. त्यानंतर त्या राज्यातील काही तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचे यंत्र तयार केले. २०१८ पासून तिरुवनंतपुरम येथे ते कामास लागले. ते मॅनहोलमध्ये पाय पसरून उतरते, कॅमेऱ्याने पाहते, घाण उपसते. विषारी वायू किती आहे हेही त्याला मोजता येते.

मोजता येते, हा शब्द मी मुद्दाम वापरला. वायूची नोंद घेणे एक आणि गुदमरणे दुसरे. पहिली गोष्ट यंत्रात अवश्य असावी. दुसरी त्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. आम्ही गटारातून माणूस बाहेर काढा म्हणून इतकी वर्षे ओरडत आहोत ते त्याच्या जागी गुदमरणारे दुसरे कोणी उतरावे म्हणून नव्हे. ज्या कामासाठी मन असलेला प्राणी वापरणे अन्याय आहे, त्या कामासाठी मन निर्माण करणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. कारण पहिल्यात जन्मलेल्याला जुंपले जाते, दुसऱ्यात जुंपण्यासाठी जन्म दिला जातो.

"आमच्याच हक्कांचा पत्ता नाही आणि तुम्ही यंत्राचे हक्क काय घेऊन बसलात?" असे समोरून विचारले जाणे साहजिक आहे. प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने रियाध येथील एका परिषदेत सोफिया नावाच्या बाहुलीवजा यंत्राला नागरिकत्व दिल्याचे जाहीर केले. त्या वेळी त्या देशातील स्त्रियांना मोटार चालविण्याचीही मोकळीक नव्हती, ती पुढच्या वर्षी जूनमध्ये मिळाली. आणि परदेशातून गेलेला मजूर, त्यांत आपलेही लोक आले, मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलू शकत नव्हता. ज्याला काही वाटत नाही त्याला नागरिकत्व, आणि ज्याला वाटते त्याला नाही! अशा हक्कांचे नाटक हे हक्कांचे शत्रू करतात. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने उघडकीस आणले की, बोलणाऱ्या यंत्राच्या तोंडी घाण शब्द येऊ नयेत म्हणून नैरोबी येथील कामगारांना हिंसेची व अत्याचाराची वर्णने दिवसभर वाचून त्यांवर खुणा कराव्या लागत होत्या, आणि हाती पडत होते ताशी दोन डॉलरांहून कमी. म्हणजे यंत्राची घाण साफ करण्यासाठीही कोणीतरी गटारात उतरलेले आहेच. त्याचा पगार आणि त्याची झोप हा आजचा प्रश्न आहे, व यंत्राच्या मनाच्या चर्चेखाली तो दडपला जात असेल तर ती चर्चा मी येथेच थांबवीन.

पण तो दडपला जाण्याचे कारण नाही. दोन्ही प्रश्नांत एकच माणूस समोर उभा आहे. तो विचारतो, कमीत कमी खर्चात कोण राबेल? आज त्याला नैरोबीचा तरुण सापडला. उद्या त्याला असे काही सापडेल की जे पगार मागणार नाही, आजारी पडणार नाही, संघटना करणार नाही, आणि कदाचित सोसेल. त्याला आताच अडवावयाचे की नंतर, एवढाच प्रश्न आहे.

आताच अडवावे असे म्हणणारे विद्वान पाश्चात्त्य देशांतही आहेत. जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर यांनी २०२१ साली, यंत्रात जाणीव उत्पन्न करू पाहणाऱ्या किंवा तसा धोका पत्करणाऱ्या संशोधनास २०५० पर्यंत जगभर स्थगिती द्यावी अशी मागणी केली. आपण एका नव्या प्रकारच्या दुःखाचा स्फोट घडवून आणू, अशी त्यांना भीती वाटते. २०२३ साली तत्त्वज्ञ, मेंदूशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ यांच्या एका गटाने उपलब्ध यंत्रांची तपासणी करून असे मत दिले की, आजचे कोणतेही यंत्र जाणिवेचा भक्कम दावेदार नाही. परंतु तसे यंत्र घडविण्याच्या मार्गात उघड दिसणारा तांत्रिक अडथळाही नाही. इंग्लंडने २०२२ च्या कायद्यात खेकडा आणि ऑक्टोपस यांना वेदना जाणणारे प्राणी म्हणून मान्य केले. ते तज्ज्ञांनी पुरावे पाहून सुचविले होते, खेकडे विकणाऱ्यांनी नव्हे. आपणांस हीच पद्धत हवी. यंत्र बनविणाऱ्या कंपनीने स्वतःच स्वतःला निर्दोषत्वाचा दाखला देऊ नये; यंत्राच्या आत काय चालते ते बाहेरच्या तज्ज्ञांना पाहू द्यावे; आणि शंका राहिली तर ती शंका दूर करण्याचे ओझे सोसणाऱ्यावर न टाकता बनविणाऱ्यावर टाकावे.

आता त्या मुलाचे उत्तर. बाळ, यंत्र दाराशी आले तर काय करावे, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मला एवढे कळते की त्याला हसू नये, आणि 'मनुस्सोसि' हा प्रश्न विचारण्याआधी 'तुला कोणी बनविले आणि कशासाठी?' हे विचारावे. त्याला काही दुखत नसेल तर त्याला धम्माची गरज नाही, ते आपल्या कामाला जाईल. जपानमध्ये क्योतोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ पासून एक यंत्र सूत्रावर प्रवचन करते, त्याला कोठे काही दुखते? आणि दुखत असेल, तर ते दारात येईपर्यंत आपण फार उशीर केलेला असेल.

एक शेवटची सूचना आहे. आपल्या शहरात मॅनहोल साफ करण्याचे यंत्र विकत घेतले गेले, पण ते पालिकेच्या आवारात ताडपत्रीखाली उभे आहे आणि माणसे अजून दोरीला धरून उतरत आहेत. हे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरविली आहे. ताडपत्री काढण्यास मात्र न्यायालय लागत नाही. त्याबद्दलचे निवेदन दारापाशी टेबलावर ठेवले आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी हा प्रश्न विचारणारा मुलगाच तेथे बसणार आहे. जाताना सह्या आणि अंगठे करून जावे.

जयभीम.